काळ्या जमिनीत वाहनतळ : जागेची व पृष्ठभागाची निवड

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागातील शेतकऱ्यास काळ्या जमिनीची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. पैनगंगेच्या काठच्या जैनथ, बेला, तांसी, भीमपूर या मंडलांत कापूस पिकतो तो याच जमिनीच्या बळावर. नदीपलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीतही तीच माती आहे. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचेच भाग होते. राज्याची सीमा बदलली. जमिनीचा स्वभाव मात्र दोन्हीकडे सारखाच राहिला. ही जमीन पिकांच्या बाबतीत जितकी उदार, तितकीच वरच्या भाराच्या बाबतीत बेभरवशाची आहे.

पूर्वी या जमिनीवर उभे राहणारे वाहन म्हणजे बैलगाडी. आज तिच्या जोडीला ट्रॅक्टर, ट्रॉली, पाण्याचा टँकर, जीप व मालवाहू टेम्पो आले आहेत. तेलंगण राज्यात २०१९ साली सुरू झालेल्या ‘पल्ले प्रगती’ कार्यक्रमान्वये ग्रामपंचायतींना ट्रॅक्टर, ट्रॉली व टँकर मिळाले. त्यामुळे वाहन कोठे व कशावर उभे करावे, हा प्रश्न आता एकट्या शेतकऱ्याचा राहिलेला नसून तो गावाचाही झाला आहे. वाहन घेताना त्याची अश्वशक्ती, किंमत व कर्जाचा हप्ता यांचा विचार काळजीपूर्वक केला जातो. परंतु वर्षातील बहुतेक तास ते वाहन ज्या जागेवर उभे राहणार, त्या जागेचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्या जागेचा व तिच्यावरील पृष्ठभागाचा विचार केला आहे.

उन्हाळ्यातील फसवा कठीणपणा

काळी जमीन मुख्यत्वे बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. या खनिजाचे कण अतिशय सूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात आणि माती फुगते. पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आकसते आणि जमिनीस भेगा पडतात. खोल काळ्या जमिनीत या भेगा एक मीटरपर्यंत व कधी त्याहूनही खाली जातात.

एप्रिल-मे महिन्यांत हीच जमीन दगडासारखी कठीण भासते. कुदळ मारली तर ढेकूळ निघते, पण माती दबत नाही. अशा वेळी तिच्यावर दोन टन वजनाचा ट्रॅक्टर उभा केला, तरी चाकाची खूण उमटत नाही. पुष्कळ लोक जागेची निवड याच दिवसांत करतात आणि तेथेच चूक होते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस मुरला की तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. ट्रॅक्टरचे मागील चाक हळूहळू खाली जाते, चाकाच्या खड्ड्यात पाणी साचते, साचलेल्या पाण्याने माती आणखी मऊ होते आणि चाक आणखी रुतते. पेरणीसाठी वाफसा आलेला असतो आणि ट्रॅक्टर मात्र स्वतःच्याच तळातून बाहेर निघत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढताना यंत्राच्या भागांवर ताण पडतो. खरिपात वाफशाचे दिवस मोजकेच असतात, ते हातचे जातात.

म्हणून तळाची निवड करताना पहिला नियम असा की, उन्हाळ्यात दिसणारा कठीणपणा हा काळ्या जमिनीचा गुण मानू नये. जमिनीची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. ज्या जागेवर त्या दिवसांत माणसाची टाच रुतत नाही, तीच जागा वाहनास योग्य होय. वाहनाला सांभाळणारी गोष्ट वरचा थर नसून त्या थराखालचे पाणी नियंत्रणात ठेवणे ही आहे, हे एकदा लक्षात आले म्हणजे पुढील सर्व निवड सोपी होते.

जागा कशी निवडावी

पृष्ठभाग मुरुमाचा करावा की काँक्रीटचा, हा दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न जागेचा आहे. चुकीच्या जागेवर घातलेला महागडा पृष्ठभागही टिकत नाही, आणि योग्य जागेवर साधा मुरूमही वर्षानुवर्षे काम देतो. जागा पाहताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक : जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असावी. शेताच्या किंवा वाड्याच्या ज्या बाजूस पाणी वाहत येते ती बाजू टाळावी. पावसाळ्यात एकदा भर पावसात उभे राहून पाणी कोठून येते व कोठे जाते हे पाहून ठेवावे. त्यासारखे दुसरे मोजमाप नाही.

दोन : घराच्या पन्हाळीचे, गोठ्याचे किंवा हातपंपाचे सांडपाणी तळाकडे येता कामा नये. काळ्या जमिनीला पावसाचे पाणी आणि सांडपाणी सारखेच. सांडपाणी तर बारमाही असते, म्हणून ते अधिक घातक ठरते.

तीन : विहिरीपासून तळ दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. ट्रॅक्टरमधून गळणारे डिझेल व वंगणतेल मातीत मुरते आणि भेगांच्या वाटेने खाली जाते. पिण्याच्या पाण्याची विहीर बिघडली, तर ती पुन्हा शुद्ध करणे कठीण असते.

चार : कडब्याची गंजी, कापसाचा साठा व लोंबत्या विजेच्या तारा यांपासून पुरेसे अंतर ठेवावे.

पाच : मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याशी तळ करू नये. सावली टायरांना हितकर आहे यात शंका नाही. कारण कडक उन्हाने रबर वाळून त्याला बारीक चिरा पडतात. परंतु झाडाच्या मुळ्या उन्हाळ्यात मातीतील ओल शोषून घेतात, त्यामुळे तेथील काळी माती इतर ठिकाणांहून अधिक आकसते व तळ एका बाजूस खचतो. सावली हवी असेल तर झाडापासून थोडे दूर पत्र्याचे किंवा पाचटाचे छप्पर करणे चांगले.

सहा : तळापासून रस्त्यापर्यंतची वाट हादेखील तळाचाच भाग समजावा. तळ कोरडा पण वाट चिखलाची, अशी स्थिती असेल, तर तळावरील सर्व खर्च वाया गेला असे समजावे.

पृष्ठभागांचे प्रकार व त्यांचे गुणदोष

उघडी काळी जमीन : खर्च काहीच नाही. डिसेंबर ते मे या काळात, काही दिवसांच्या मुक्कामापुरती ती चालते. पावसाळ्यात मात्र तिच्यावर वाहन ठेवू नये. भेगा पडलेल्या जमिनीवर जॅक लावणे तर उन्हाळ्यातही धोक्याचे आहे. कारण भेगेच्या काठचे ढेकूळ एकाएकी कलते.

गवताची जमीन : हिरव्या गवतावर वाहन स्वच्छ राहते असे वाटते. प्रत्यक्षात गवत ओल धरून ठेवते. वाहनाखालची हवा दमट राहते, लोखंडास गंज चढतो, आणि उंदीर व घुशी आसरा घेऊन विजेच्या तारा कुरतडतात. दीर्घकाळ ठेवण्याच्या वाहनाखाली गवत वाढू देऊ नये.

मुरूम : खडकाच्या अर्धवट झिजेतून झालेला हा पदार्थ खडेयुक्त असून त्यात थोडा मातीचा अंश असतो. या अंशामुळे तो चोपल्यावर घट्ट बसतो. पण काळ्या मातीसारखा फुगत नाही. काळ्या जमिनीवर बांधकाम करणाऱ्यांनी मुरुमाचा आधार पूर्वापार घेतला आहे. या अनुभवामागील शास्त्र पुढे संशोधनाने स्पष्ट झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिल्यास खालच्या मातीची हालचाल आवरली जाते, हे दाखवून दिले. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरली गेली. तेथे हा थर सुमारे एक मीटरपर्यंत जाड घेतात. वाहनतळास इतकी जाडी परवडत नाही व आवश्यकही नसते. कारण तळ थोडा वरखाली झाला तरी मुरुमाला तडा जात नाही. पुढच्या वर्षी दोन टोपल्या मुरूम टाकून तो पुन्हा सारखा करता येतो. हाच त्याचा मोठा गुण होय.

खडी : मुरुमाच्या थरावर ५ ते ८ सेंटिमीटर बारीक खडी व दगडाची कच पसरल्यास वरचा भाग स्वच्छ राहतो व पाणी लवकर निघून जाते. मात्र काळ्या मातीवर थेट खडी टाकणे व्यर्थ आहे. पहिल्याच पावसात खडी खाली जाते व चिखल वर येतो. दोन-तीन वर्षे सतत खडी टाकूनही तळ तसाच राहतो, तो याच कारणाने.

दगडी फरशी : मुरुमावर बसवलेली जाड फरशी उत्तम. सर्व जागेवर फरशी घालणे परवडत नसेल, तर फक्त चाकांच्या खाली प्रत्येकी सुमारे ७५ सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे करावेत. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या चाकांमधील अंतर सारखे नसते, म्हणून पट्टे अरुंद करू नयेत.

काँक्रीट : काँक्रीट म्हणजे सर्वात मजबूत, असा सर्वसाधारण समज आहे. तो काळ्या जमिनीच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. काळ्या मातीवर थेट ओतलेल्या ८-१० सेंटिमीटर जाडीच्या लादीखाली काय घडते ते पाहावे. पावसाळ्यात लादीच्या कडांची माती आधी भिजून फुगते व कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात कडांची माती आधी वाळून आकसते, कडांखाली पोकळी होते, मध्यभाग मात्र ओलसर राहून वर असतो. अशा रीतीने लादी दरवर्षी एकदा वाटीसारखी व एकदा पालथ्या ताटासारखी वाकवली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, वाकणे सोसत नाही. त्यामुळे एक-दोन वर्षांत तडे जातात, तड्यांतून पाणी खाली उतरते आणि नुकसान वाढत जाते. काँक्रीट करावयाचेच असेल, तर खाली चोपलेला मुरूम, लादीची जाडी १२ ते १५ सेंटिमीटर आणि दर तीन मीटरांवर सांधा, या तिन्ही गोष्टी पाळाव्यात. एवढा खर्च करणे शक्य नसेल, तर पातळ काँक्रीटपेक्षा जाड मुरूम केव्हाही श्रेयस्कर.

डांबर : जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेत डांबर मऊ पडते व एकाच जागी उभ्या असलेल्या चाकाखाली किंवा टेकूखाली खड्डा पडतो. डिझेल व तेल सांडल्यास डांबर विरघळते. म्हणून दीर्घकाळ वाहन उभे करण्याच्या जागेस डांबर योग्य नाही.

चुना मिसळलेली माती : जेथे मुरूम दूर आहे तेथे वरच्या १५ सेंटिमीटर काळ्या मातीत वजनाच्या ३ ते ५ टक्के विरवलेल्या चुन्याची भुकटी मिसळून, पाणी शिंपून ती चोपावी. चुन्यामुळे मातीचा चिकटपणा व फुगण्याचा गुण कमी होतो. वरून थोडी कच पसरावी. चुना हाताळताना डोळे व हातांचे रक्षण करणे आवश्यक आहे.

मुरुमाचा तळ बांधण्याची रीत

एक ट्रॅक्टर व त्याला जोडलेली ट्रॉली यांच्यासाठी १० मीटर लांब व ४ मीटर रुंद जागा पुरेशी होते. काम उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसापूर्वी पूर्ण करावे.

प्रथम गवत, मुळ्या व वरची सुमारे १५ सेंटिमीटर सैल माती काढावी. याहून खोल खणू नये. येथे एक चूक नेहमी होते, तिचा निर्देश करणे अवश्य आहे. मजबुतीच्या हेतूने खोल खड्डा खणून त्यात मुरूम भरला, तर सभोवतालच्या काळ्या मातीतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि तो खड्डा पाण्याचे टाके बनतो. वरून तळ कोरडा दिसतो. खाली मात्र माती महिनोन् महिने भिजत राहते. म्हणून तळ खड्ड्यात नव्हे, तर ओट्यासारखा जमिनीच्या वर उभारावा. खणलेल्या भागाच्या तळासही एका बाजूस उतार द्यावा व त्या बाजूने पाणी बाहेर पडण्यास वाट ठेवावी.

त्यानंतर मुरूम १५ सेंटिमीटर जाडीच्या तीन थरांत भरावा. प्रत्येक थरावर हलके पाणी शिंपावे. मूठभर मुरूम दाबला असता गोळा बनावा, पण हातास पाणी लागू नये, इतकीच ओल असावी. नंतर धुमसाने किंवा ट्रॅक्टरची चाके वारंवार फिरवून थर चोपावा. पूर्ण जाडी ४५ सेंटिमीटर झाली म्हणजे तळ सभोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच होतो. वरच्या पृष्ठभागास एका बाजूस दर मीटरला २ सेंटिमीटर उतार द्यावा. म्हणजे ४ मीटर रुंदीत ८ सेंटिमीटर. हा उतार वाहनाच्या लांबीच्या दिशेने देऊ नये. तसे केल्यास वाहन घरंगळण्याचा धोका असतो.

या कामास किती मुरूम लागतो, याचा हिशोब असा : १० × ४ × ०.४५ = १८ घनमीटर. चोपल्यावर मुरूम बसतो, म्हणून चौथा हिस्सा अधिक धरल्यास सुमारे साडेबावीस घनमीटर, म्हणजे जवळपास ८ ब्रास. मुरूम हे गौण खनिज असल्यामुळे तो काढण्यास व वाहून आणण्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. वनजमिनीतून मुरूम काढू नये. सार्वजनिक तळासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून परवानगी वेळेवर मागितल्यास काम पावसापूर्वी पुरे होऊ शकते.

शेवटी तळापासून एक मीटर अंतरावर, वरच्या अंगास व दोन्ही बाजूंस, ३० सेंटिमीटर खोल चर खणावा व तो नाल्यास जोडावा. चर तळाच्या अगदी कडेस नसावा. कडेचा चर तळाच्या पायाखालीच ओल नेतो. दरवर्षी मृगापूर्वी चरातील गाळ काढणे हे तळाच्या देखभालीतील सर्वात स्वस्त व सर्वात मोलाचे काम होय.

वाहन उभे करताना घ्यावयाची काळजी

वाहन काही आठवडे उभे राहणार असेल, तर ते धुऊन, कोरडे करून मगच तळावर आणावे. चाकांवरील चिखल ओल धरतो. ट्रॉली रिकामी करावी. नांगर, पास किंवा रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मागे अधांतरी न ठेवता खाली लाकडी फळ्यांवर टेकवावा. चाकांना पुढून व मागून दगड किंवा ठोकळे लावावेत. टायर तेलाच्या डागांवर उभे करू नयेत. तेलाने रबर सडते.

ट्रॉली सुटी करून ठेवताना तिच्या दांड्याखाली टेकू देतात. त्या टेकूच्या टोकाचे गणित प्रत्येकाने समजून घ्यावे. टेकूवर ३०० किलो भार आला आणि टेकूचे टोक ८ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे असले, तर ६४ चौरस सेंटिमीटर जागेवर दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोहून अधिक दाब पडतो. भिजलेल्या काळ्या मातीला हा दाब सोसत नाही. टेकू आत घुसतो. त्याच टेकूखाली ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीची जाड फळी ठेवली, तर भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो व दाब किलोच्या एकतृतीयांशावर येतो. एका फळीने दाब चौदापटीने कमी होतो.

जॅकच्या बाबतीत हाच नियम प्राणरक्षक ठरतो. चाक काढण्यासाठी ट्रॉली उचलली, जॅक कच्च्या जमिनीवर लावला आणि माणूस खाली शिरला, तर जॅक कलून जीवितहानी होऊ शकते. जॅकखाली रुंद फळी, आसाखाली स्वतंत्र भक्कम टेकू आणि उरलेल्या चाकांना दगड, या तीन गोष्टी झाल्याशिवाय कोणीही वाहनाखाली जाऊ नये. उचलून ठेवलेल्या ट्रॉलीच्या हौद्याखालीही आधार दिल्यावाचून डोके घालू नये. मुलांना तळावर खेळू देऊ नये.

बैलगाडीचीही हेळसांड होऊ नये. लाकडी चाक ओल्या मातीत उभे राहिल्यास खालचा भाग कुजतो व धाव गंजते. उलट कडक उन्हात लाकूड आकसून धाव सैल होते. गाडी मुरुमाच्या तळावर, छपराखाली ठेवावी आणि चाके दर आठ-पंधरा दिवसांनी थोडी फिरवावीत, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही.

यात्रा व सहलीची वाहने

तळाची निवड ऋतूवर कशी अवलंबून असते, याचे उत्तम उदाहरण जिल्ह्यातच आहे. इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची यात्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड कुटुंबे परंपरेने बैलगाड्यांनी येतात व वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात. ही यात्रा जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या वेळी जमिनीचा वरचा थर सुकलेला असतो, दिवस सौम्य असतात आणि गाड्यांना बांधीव तळाची गरज पडत नाही.

कुंतला व पोचेरा या धबधब्यांची स्थिती याच्या उलट आहे. धबधबा पाहण्यास लोक येतात ते पावसाळ्यात व त्यानंतर लगेच, म्हणजे जमीन सर्वाधिक मऊ असताना. आज सहलीसाठी मोठ्या बसगाड्या येतात. कॅराव्हॅन म्हणून ओळखली जाणारी, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली वाहनेही देशात वाढत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. अशी वाहने जड असतात व एकाच जागी एक-दोन रात्री उभी राहतात. त्यांना चहूबाजूंनी जवळजवळ सपाट, पण पाणी न साचणारा तळ लागतो. ज्या गावास अशा पाहुण्यांची सोय करावयाची असेल, त्याने उघडे मैदान मोकळे करून देण्यापेक्षा मुरूम व खडीचे थोडेच पण पक्के तळ करावेत आणि सांडपाण्याची वेगळी व्यवस्था ठेवावी.

शाळेत करता येण्यासारखा प्रयोग

आपल्या गावची माती किती फुगते हे विद्यार्थी स्वतः पाहू शकतात. भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात दिलेली मुक्त फुगवट्याची चाचणी अगदी सोपी आहे. माती पूर्ण वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. १०० घनसेंटिमीटरची दोन मोजपात्रे घेऊन प्रत्येकात १० ग्रॅम माती घालावी. एका पात्रात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावे. काचेच्या कांडीने ढवळून अडकलेली हवा घालवावी व पात्रे २४ तास स्थिर ठेवावीत. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातील मातीचे घनफळ १८ व रॉकेलमधील १० आले, तर वाढ ८, म्हणजे फुगवटा ८० टक्के झाला. रस्त्यांच्या कामात ५० टक्क्यांहून अधिक फुगणारी माती भरावास अयोग्य मानतात. हाच प्रयोग गावच्या मुरुमावर करून दोन्ही उत्तरांची तुलना करावी. रॉकेल हाताळताना जवळपास आग नसावी व प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावा.

या प्रयोगाचे निष्कर्ष शाळेच्या फलकावर लावल्यास ते पालकांच्याही दृष्टीस पडतील. आपल्या अंगणातील माती काचपात्रात जवळजवळ दुप्पट झालेली पाहिल्यावर पातळ काँक्रीट का फुटते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सारांश

काळ्या जमिनीत वाहनतळ करताना आधी पाण्याची वाट पाहावी, मग जागा ठरवावी, मग मुरुमाचा ओटा घालावा आणि वरच्या पृष्ठभागाचा विचार सर्वात शेवटी करावा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो, व म्हणून खर्च होऊनही वाहन रुतते. आठ ब्रास मुरूम, एक चर आणि चार फळ्या एवढ्या साधनांनी कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचे आयुष्य वाढते, खरिपातील वाफशाचे दिवस वाचतात आणि वाहनाखाली काम करणाऱ्या माणसाचा जीव सुरक्षित राहतो. येत्या उन्हाळ्यात जमीन कठीण दिसेल तेव्हा मागील श्रावणातील तिचे रूप आठवावे आणि त्या आठवणीवर विसंबून तळाची जागा निश्चित करावी.